राजापूरची जागा कल्याणला उतरली

२००९ची लोकसभा निवडणूक. काका मतदानासाठी हट्टानं गावी गेले होते. चाळीस वर्षं लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत काढली, गिरणीत खपले, संपानंतर वॉचमनची नोकरी केली, पण मतदार यादीतलं नाव त्यांनी राजापूर तालुक्यातून हलू दिलं नाही. माणूस राहतो तिथल्या यादीत त्याचं नाव असावं, हा नियम त्यांना ठाऊक नव्हता असं नाही. "राहतो मुंबईत, पण आहे गावचा," एवढंच त्यांचं उत्तर असायचं. त्या वेळी परतले ते घुश्शातच. दादरला उतरल्यावर फणसांची पिशवी माझ्या हातात देत त्यांनी विचारलं, "काय रे, राजापूर कुठं गेलं?"

विधानसभेला राजापूर होतं, आजही आहे. लोकसभेच्या नकाशावरून ते गेलं होतं. काकांच्या लेखी राजापूर म्हणजे गंगा आली की स्नानाला जायचं ठिकाण नव्हे. राजापूर म्हणजे बॅरिस्टर नाथ पै आणि मधु दंडवते. १९५७ पासून १९८९ पर्यंतच्या आठ निवडणुकांत त्या मतदारसंघानं ही दोनच माणसं दिल्लीला पाठवली. देशभर ज्यांची भाषणं ऐकायला लोक थांबत, असे दोन खासदार लाल मातीच्या, जेमतेम रस्ते असलेल्या मुलखानं दिले, याचा काकांना केवढा अभिमान. आता यादीवर 'रत्नागिरी-सिंधुदुर्ग' असं जोडनाव आलं होतं, आणि ते त्यांना कुणीतरी शेजारच्या घरात बिऱ्हाड हलवायला सांगितल्यासारखं वाटत होतं.

झालं होतं ते असं. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगानं २००१च्या जनगणनेच्या आधारावर मतदारसंघांची पुनर्रचना केली आणि २००८ पासून नवा नकाशा लागू झाला. राज्याच्या एकूण जागा ४८च राहिल्या. आतली वाटणी मात्र बदलली. कुलाबा, रत्नागिरी, राजापूर या तीन जागांच्या दोन झाल्या, रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग. विदर्भाच्या ११ होत्या, त्या १० झाल्या. आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात डहाणू आणि ठाणे अशा दोन होत्या, तिथं पालघर, भिवंडी, कल्याण, ठाणे अशा चार झाल्या. मुंबईच्या सहाच्या सहाच.

हिशेब चोख आहे. माणसं जिथं गेली तिथं जागा गेली. कोकणातली माणसं आधी गिरणगावात आली, गिरणगाव महागलं तसं भांडुप-विक्रोळीला सरकली, पुढची पिढी डोंबिवली-नालासोपाऱ्याला गेली. तीस-चाळीस वर्षांनी त्यांच्या मागोमाग त्यांचा खासदारही गाडीत बसला आणि कल्याणला उतरला. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६.९७ लाख होती, २०११ साली १६.१५ लाख झाली. सिंधुदुर्गाचीही घटली. देशाची लोकसंख्या फुगत असताना हे दोन जिल्हे आकसत होते. कुटुंबनियोजनापेक्षा कोकण रेल्वेनं आणि रातराणी एसटीनं हे काम जास्त केलं असावं, असं मला वाटतं. शिरगणती गणपतीच्या आठवड्यात घेतली तर कोकणाला चार खासदार द्यावे लागतील, हा आमच्या आळीतला जुना विनोद आहे.

काकांची ही जुनी तक्रार आता काढतोय, कारण तीच तक्रार घेऊन दक्षिणेतली अख्खी राज्यं उभी राहिली आहेत.

थोडं मागं जाऊ. कोणत्या राज्याला लोकसभेत किती जागा, हे १९७१च्या जनगणनेवर ठरलं आणि १९७६ साली ४२व्या घटनादुरुस्तीनं तिथंच गोठवलं गेलं. ज्यांनी लोकसंख्या आटोक्यात ठेवली त्यांना शिक्षा नको, हा त्यामागचा विचार. २५ वर्षांनी ८४व्या दुरुस्तीनं ही गोठवणूक पुढे ढकलली, २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत. १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख असलेली जनगणना जाहीर झालेली आहे. म्हणजे बर्फ वितळायची वेळ आली. दिल्लीत २०२३ साली उघडलेल्या नव्या संसद भवनात लोकसभेसाठी ८८८ आसनं आहेत. ती काही नुसती शोभेसाठी बांधलेली नाहीत.

२०११च्या आकड्यांवर सरासरी काढली तर केरळचा एक खासदार सुमारे १६.७ लाख लोकांचा, तमिळनाडूचा १८.५ लाखांचा, बिहारचा २६ लाखांचा आणि राजस्थानचा २७ लाखांहून जास्त लोकांचा. सध्याच्या ५४३ जागाच लोकसंख्येप्रमाणे नव्यानं वाटल्या तर केरळच्या २० पैकी पाचेक जागा जातील. दक्षिणेची ओरड खोटी नाही.

आणि महाराष्ट्र? आपला एक खासदार २३.४ लाख लोकांचा, देशाची सरासरी २२.३ लाख. म्हणजे नव्या वाटणीत आपलं नुकसान नाही, उलट एक-दोन जागा वाढतील. मुंबईत या विषयावर जी गाडी अडते ती इथंच. नाक्यावर, लोकलमध्ये, कट्ट्यावर प्रश्न एकच, "आपल्याला किती वाढतील?" वाढणार म्हटलं की विषय संपतो आणि बोलणं क्रिकेटवर जातं.

पण त्या वाढतात का, हे कुणी विचारत नाही. आपला जननदर, म्हणजे एका बाईमागं सरासरी मुलं, तर १.७ आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीप्रमाणे; दक्षिणेपेक्षा फारसा वेगळा नाही. मुलं कमी होऊनही डोकी वाढतात, कारण डोकी बाहेरून येतात. मुंबई, ठाणे, पुणे इथं येणारा जौनपूरचा टॅक्सीवाला, दरभंग्याचा गवंडी, गुलबर्ग्याचा मजूर. जनगणनेत त्याचं डोकं इथं मोजलं जातं आणि ते महाराष्ट्राच्या खात्यावर जमा होतं. ज्याला आपण परत जा म्हणतो, त्याच्याच खांद्यावर बसून आपला एकोणपन्नासावा खासदार दिल्लीला जाणार आहे. त्यातले कितीतरी जण मत द्यायला मात्र गावी जातात. शिरगणती इथं, मत तिथं. आमचे काका याहून वेगळं काय करत होते? ते मोजले जात लालबागला आणि मत देत राजापूरला.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं. डोकी कशाला मोजता, कर मोजा. आयकरात महाराष्ट्र पहिला, मुंबई तर सगळ्यांच्या पुढं, मग खासदारही त्या मानानं हवेत. ऐकायला बरं वाटतं. पण हाच हिशेब मुंबईच्या आत लावून पाहा. मलबार हिलच्या एका इमारतीला मानखुर्दच्या अख्ख्या वस्तीपेक्षा जास्त मतं मिळतील. ब्रिटिशांच्या काळी मत असायचं ते मुख्यतः कर भरणाऱ्याला, मालमत्तावाल्याला. ती पद्धत आपण मोडली आणि गिरणीकामगाराचं मत गिरणीमालकाच्या मताइतकं केलं. काकांना त्या एका मताचं इतकं का वाटायचं, हे त्यातून कळतं. करातला वाटा हवा तर तो वित्त आयोगासमोर भांडून मिळवावा. केंद्रीय करांतून सगळ्या राज्यांना मिळून जे वाटलं जातं, त्यातला ६.३१७ टक्के वाटा पंधराव्या आयोगानं आपल्याला दिला आणि उत्तर प्रदेशला १७.९३९ टक्के. तिथं भांडायला जागा आहे, भांडा. मतपेटीत रोकड आणू नका.

माझं म्हणणं सरळ आहे. लोकसभा ही डोक्यांची सभा आहे, तिथं डोकी मोजलीच पाहिजेत. पन्नास वर्षांपूर्वीची डोकी मोजून आजच्या बिहारी माणसाचं मत केरळी माणसाच्या मताच्या दोन तृतीयांशाइतकं ठेवणं मला पटत नाही, मग त्यानं दक्षिणेतल्या मित्रांना राग आला तरी चालेल. कोकणाची जागा आपण २००८ साली काढून घेतली तेव्हा मुंबईतल्या एकाही वर्तमानपत्रवाचकाच्या चहाची चव गेली नव्हती. तेव्हा जे न्याय्य होतं ते देशपातळीवर अन्याय कसं होईल?

तरी काकांच्या प्रश्नात काहीतरी उरतं. माणसामागं मत गेलं हे बरोबर. पण जागेला, मुलखालाही काही म्हणायचं असतं. समुद्र, खाड्या, आंब्याचं कलम, रिकाम्या घरांचा मुलूख, त्याच्या वतीनं कोण बोलणार? भारताच्या घटनाकारांनी या प्रश्नाचं उत्तर देऊन ठेवलंय. त्यासाठी दुसरं सभागृह केलं आणि त्याचं नावच राज्यसभा ठेवलं. लोकसभा लोकांची, राज्यसभा राज्यांची. संसदेला राज्यसूचीतल्या विषयावर कायदा करायचा असेल तर कलम २४९ प्रमाणे आधी राज्यसभेनं दोन तृतीयांश मतांनी मोकळीक द्यावी लागते. नवी अखिल भारतीय सेवा काढायची तरी कलम ३१२ प्रमाणे तसंच. राज्यांच्या वतीनं दार राखणारा पहारेकरी म्हणून हे अधिकार फक्त या सभागृहाला आहेत.

तर त्या दाराशी आपण कुणाला बसवलं?

महाराष्ट्राचे तिथं १९ सदस्य. १९६० साली द्वैभाषिक राज्य मोडलं तेव्हा १९ आपल्याला आणि ११ गुजरातला मिळाले, तेव्हापासून आकडा तोच. २००३ पर्यंत कायदा असा होता की राज्यसभेचा उमेदवार त्या राज्याचा मतदार असला पाहिजे. तो पाळला जाई तो कागदापुरता. डॉ. मनमोहन सिंग १९९१ पासून २०१९ पर्यंत आसामचे खासदार होते, त्यासाठी त्यांचं नाव गुवाहाटीच्या यादीत होतं. २००३ साली कागदही फाडला. आता देशात कुठंही मतदार असलात की कुठल्याही राज्यातून राज्यसभेत जाता येतं. पत्रकार कुलदीप नय्यर यांनी या दुरुस्तीला आव्हान दिलं. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ती वैध ठरवली. कायद्यानं बरोबर असेलही.

मग सुरू झाली ती अदलाबदल. तमिळनाडूचे पी. चिदंबरम महाराष्ट्रातून, उत्तर प्रदेशचे इम्रान प्रतापगढी महाराष्ट्रातून. पुण्याचे प्रकाश जावडेकर मध्य प्रदेशातून. आणि सुरेश प्रभू, जे राजापूरचे अखेरचे खासदार, ते राज्यसभेत गेले आधी हरियाणातून आणि मग आंध्र प्रदेशातून. ही माणसं चांगली की वाईट हा मुद्दाच नाही. काही तर फार चांगली. मुद्दा एवढाच की कुठलं राज्य ही बाब रेल्वेच्या वेटिंग लिस्टसारखी झाली आहे, ज्या डब्यात जागा रिकामी त्यात बसायचं.

निवड करणारे कोण, तर आपले आमदार. मतदान खुलं, म्हणजे मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची. २०२२च्या जूनमध्ये सहा जागांना सात उमेदवार उभे राहिले तेव्हा आमदारांची रवानगी हॉटेलांत झाली, आणि निकाल लागेपर्यंत मध्यरात्र उलटून गेली. त्या दिवसांत टीव्हीवर हॉटेलच्या फाटकाबाहेरच्या बसगाड्या तासन्‌तास दिसत होत्या. हे सहाजण महाराष्ट्राच्या वतीनं दिल्लीत काय बोलणार, हा प्रश्न एकाही वाहिनीच्या पट्टीवर मी वाचला नाही. सगळं गणित कोट्याचं, कुणाची किती मतं उरतात आणि ती कुणाकडं वळतात त्याचं.

माझे मित्र इथं मला अडवतात, आणि रास्त अडवतात. बाबासाहेबांचं काय? १९४६ साली संविधान सभेवर डॉ. आंबेडकर निवडून गेले ते बंगालमधून. मुंबई प्रांताच्या आमदारांनी त्यांना पाठवलं नव्हतं. तेव्हा रहिवासाची अट कडक असती तर? प्रश्न बिनतोड आहे. फाळणीनंतर त्यांची ती जागा गेली आणि १९४७ साली जयकरांच्या रिकाम्या जागेवर मुंबईनं त्यांना पुन्हा पाठवलं, हे खरं, पण आधीचा कमीपणा त्यानं पुसला जात नाही. १९५२ साली उत्तर मुंबईत ते लोकसभेला हरले आणि मग राज्यसभेतच गेले. म्हणजे हे सभागृह नसतं तर पहिल्या संसदेत ते दिसलेच नसते.

दुसरा दाखला कोकण रेल्वेचा. १९९० साली महामंडळ उभं राहिलं तेव्हा मधु दंडवते अर्थमंत्री होते, राजापूरचे. पण रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस होते. माणूस मंगळूरचा, नेता मुंबईचा, १९६७ साली दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडलेला, आणि तेव्हा खासदार होता बिहारच्या मुझफ्फरपूरचा. आमच्या गावाशेजारून गाडी धावते त्यात बिहारी मतदाराचाही हात आहे. मधु लिमयेही मुंगेर आणि बांका इथून निवडून गेले. उलट वाटेनं आलेले केरळचे कृष्ण मेनन १९५७ आणि १९६२ अशा दोन निवडणुका मुंबईतून जिंकले.

फरक मला दिसतो तो असा. मुझफ्फरपूरच्या माणसानं फर्नांडिसांना पाहून, ऐकून, ताडून मत दिलं. मुंबईकरानं मेनन यांना मत दिलं तेव्हा ते कुठले हे त्याला पक्कं माहीत होतं. लोकांनी परका आपला मानला तर तो आपलाच. राज्यसभेत तुम्हाआम्हाला कुणी विचारत नाही. आणि निवडून गेल्यावर जाब द्यायलाही कुणी नाही, कारण सहा वर्षांनी तोच माणूस दुसऱ्याच राज्यातून दुसऱ्याच रांगेत उभा असतो.

म्हणून रहिवासाची जुनी अट परत आणा, असं मी म्हणत नाही. ती खोट्या पत्त्यांची अट होती. मला हवा आहे तो जाब.

हे १९ सदस्य विधानसभेनं निवडले. मग त्यांनी वर्षातून एकदा विधानसभेला तोंड दाखवावं. हिवाळी अधिवेशनात, नागपूरला. सभागृहात बसवायला नियम आड येत असतील तर एखाद्या समितीसमोर, पण उघड, पत्रकारांच्या देखत. तुम्ही या राज्याच्या वतीनं कोणते प्रश्न विचारले, कोणत्या विधेयकाला हात वर केला आणि त्यात महाराष्ट्राचं काय झालं, एवढं सांगावं. पक्षांतरबंदी कायद्यामुळं ते व्हीपबाहेर मत देऊ शकत नाहीत, मान्य. व्हीप फक्त विश्वासदर्शक ठराव आणि अर्थविषयक विधेयकांपुरता असावा, अशी मागणी जुनीच आहे आणि लोकसभेपेक्षा राज्यसभेला ती जास्त लागू पडते. पण व्हीप मतावर असतो, तोंडावर नसतो. बोलायला कुणी अडवलेलं नाही.

हे नुसतं तात्त्विक नाही. मुंबई केंद्रशासित करायची भीती दर निवडणुकीत बाटलीतून काढली जाते आणि निकालानंतर परत बुचात जाते. घटनेचं कलम ३ वाचलं तर भीती अगदीच हवेतली वाटत नाही. राज्याच्या सीमा साध्या बहुमतानं बदलता येतात. विधानसभेचं मत विचारतात, पण ते मानायची सक्ती नाही. २०१९ साली जम्मू-काश्मीरबाबत तर विचारायला विधानसभाच जागेवर नव्हती. १९५६ साली मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचं घाटत होतं तेव्हा चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं. ते कुलाब्याचे खासदार होते. ती जागाही २००८च्या नकाशात नावापुरती उरली नाही. रस्त्यावर १०५ माणसं गेली. तशी वेळ पुन्हा आलीच तर संसदेत राज्य म्हणून उभं राहायला आपल्याकडं हेच १९ आहेत.

भांडुपच्या आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर गेल्या महिन्यात मी सहज विचारून पाहिलं. नगरसेवक सगळ्यांना माहीत. ईशान्य मुंबईचा खासदार माहीत. शेजारच्या वायव्य मुंबईत २०२४ला ४८ मतांनी निकाल लागला, हेही लोकांना तोंडपाठ. महाराष्ट्राच्या १९ राज्यसभा सदस्यांपैकी आठ माणसांना मिळून पाच नावं सांगता आली, त्यातलं एक चुकीचं होतं. एकजण म्हणाला, "ते आपले कुठं असतात, ते पक्षाचे असतात."

महाराष्ट्राच्या लोकसभेच्या जागा पन्नास होवोत की ऐंशी, महिलांचं एक तृतीयांश आरक्षण लागू होऊन आजच्या सातांच्या जागी निदान सोळा जणी बसोत (ते तर लवकर व्हावंच), ती डोक्यांची बाजू सांभाळायला सगळे पक्ष टपलेलेच आहेत. आकडेमोड त्यांना छान जमते. नागपूरच्या त्या एका दिवसाला घटनादुरुस्ती लागत नाही, आयोग लागत नाही, जनगणनेची वाट पाहावी लागत नाही. लागतो तो विधानसभेचा एक ठराव आणि १९ जणांचं येणं. खासदारांना रेल्वेचा पास फुकट असतो, तेव्हा भाड्याचीही सबब नाही.